उजवा पाय

रविवार, संध्याकाळ

मोबाईलवर सायलीची मॅच बघितली. बास्केटबॉलसाठी पोरगी स्पेनला गेली, तिथल्या क्लबात पगारावर खेळते. आज चौदा पॉइंट केले. पण माझं लक्ष बॉलकडे नव्हतंच. उडी मारली की ती डाव्या पायावर उतरते, उजवा मागून हळूच टेकवते. प्रत्येक वेळी. तिथं कोणाच्या ध्यानात येत नसेल?

बारा वर्षांची असताना शिरोळहून एसटीनं माझ्याकडे बास्केटबॉल शिकायला यायची. एकदा ह्याच उजव्या पायाचा घोटा सुजलेला, रडत होती. मी तालमीत वाढलेला माणूस. म्हणालो, "रडायचं तर मैदानाभाईर जाऊन रड. दुखतंय हे समोरच्याला कळलं की हरलीस बघ." पट्टी घट्ट बांधली आणि खेळवली. जिंकलो. पुढं हीच गोष्ट प्रत्येक पोरीला अभिमानानं सांगत आलो.

मॅच संपल्यावर न राहवून फोन लावला.

"सायले, उजवा पाय दुखतोय न्हवं?"

"न्हाय सर."

"तिथल्या डॉक्टरला तरी दाखव की."

"ते रोज सकाळी विचारत्यात, कुठं दुखतंय का म्हणून. मी न्हाय म्हणते." मग हसली. "तुम्हीच शिकवलंय की."

तेव्हाच सांगायचं होतं. पोरी, मी चुकलो, आधी तो पाय दाखव. अगदी ओठांपर्यंत आलं होतं. आता डोळे मिटले तरी तोच पाय दिसतोय, हळूच टेकणारा.

आणि तेव्हा फोनवर तोंडातून निघालं काय, तर "शाब्बास!"