गावाचा रकाना

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
गुरुवार, १२ फेब्रुवारी २०२६

आफरीन,

सलाम. अम्मींचा गुडघा कसा आहे? माझं बरं चाललंय. हे पत्र तुझ्या भावाच्या, उजैरच्या हाती देतोय, कारण क्लासमध्ये तुझा मोबाइल निम्मा वेळ श्रेयाच्याच हातात असतो. तिनं बघायच्या आत वाच आणि फाडून टाक. "क्या रे, फिर से श्रेया?" म्हणशील. या वेळी तसं नाय. शप्पथ.

लॅबमधलं माझं काम तुला माहीतच आहे. बी.एस्सी. अर्धवट सोडलेल्याला दारात कोण उभं करणार, पण विशाखा मॅडमनी कॉम्प्युटरवर बसवलं. पाच शहरांतल्या पाच लॅब आईबापाकडून लेकरांत उतरणाऱ्या एकाच आजारावर काम करतात. रक्तातल्या जनुकांची अक्षरं, कुठलं जनुक किती जोरात चालू आहे त्याचे आकडे, सगळं प्रत्येकानं आपापल्या तऱ्हेनं लिहिलेलं. कुणी वय लिहितं, कुणी जन्मतारीख. एकाचं दुसऱ्याला जुळेना. म्हणून पाचही जणांनी मिळून एकच साचा ठरवलाय, आणि आमची माहिती त्यात मी बसवतोय. नावं नसतात, नुसते नंबर. सोमवारी ती फाइल सगळ्या जगाला उघडी होणार.

त्या साच्यात एक रकाना गावाचा आहे.

करमाड. स्त्री. वय तेवीस. वडील आजारी. आफरीन, करमाडात अशी दुसरी कोण आहे? श्रेयाच्या बाबांचे, काकासाहेबांचे, हातपाय कसे गेले ते अख्ख्या गावानं बघितलंय.

मंगळवारी ऑनलाइन मीटिंगमध्ये पुण्याचे सर म्हणाले, "गाव हवंच. पाण्याचा, मातीचा संबंध तपासता येतो." मी मॅडमच्या मागं बसलो होतो. राहवलं नाय. पुढं वाकून माइक चालू केला.

"सर, तुम्हाला पाणी दिसतं. आमच्याकडं पानटपरीवरचा माणूस एवढं वाचून घर दाखवंल!"

"हे कोण?"

"आमचे ऑपरेटर," मॅडम म्हणाल्या.

"मग त्यांना ऑपरेट करू द्या."

सगळे हसले. माझं डोकं फिरलं. पुढं काय बोललो ते लिहीत नाय. मॅडमनी मला चहा आणायला खाली पाठवलं.

नंतर त्या शांतपणे म्हणाल्या, "संघपाल, साचा पाच जणांचा आहे, मी एकटी बदलू शकत नाही. पण रक्त देणाऱ्यानं स्वतः येऊन सही केली, तर त्याच्या ओळीत गावाऐवजी जिल्हा लिहिता येतो. शनिवारपर्यंत."

म्हणून लिहितोय. श्रेयाला घेऊन ये. एकटीला नको. तिच्या भावाला, कृष्णाला आण, तिच्या साळूआत्याला आण. करमाडच्या ज्यांनी ज्यांनी रक्त दिलं ते सगळे आले की कुणा एकासाठी चाललंय असं वाटणार नाय. गावाचं नाव नको, एवढंच सांग.

तू म्हणशील, काकासाहेबांचा आजार लपलाय थोडाच? गाव दिसलं तर बिघडलं काय?

ओळ तिथं संपत नाय गं. शेवटच्या रकान्यात तिनं रक्त देताना केलेली खूण आहे: 'निकाल कळवू नये.' तेव्हा ती काय म्हणाली ते तूच सांगितलं होतंस. "बाबांचं रोज बघते, तेवढं बस. माझं मला आधीच कळायला नको."

त्याच्या अलीकडचा रकाना निकालाचा, बापाचा आजार लेकरात उतरलाय का नाय त्याचा. तो मी टाइप केलाय. कृष्णाचाही केला होता, तो करून मी निवांत डबा खाल्ला होता.

हिचा केल्यापासून रोज फाइल उघडून तीच ओळ बघतोय. तिनं जे ऐकायचं नाय म्हणून ठरवलं, ते सोमवारनंतर भावकी वाचंल, तिला स्थळ आणणारे वाचतील. तिला सगळ्यात शेवटी कळंल, तेही कुणाच्या तरी टोमण्यातून. लई भ्या वाटतंय. त्याहून जास्त भ्या माझंच. रागात माझ्या तोंडून काय निघंल याचा भरवसा नाय, आणि गप्प बसलो तरी माझा चेहरा कुठं गप्प बसतो?

तिनं नकार दिल्यावरही तिला नुसतं बघायला गारखेड्यातल्या तुमच्या क्लासपर्यंत गाडी हाणणारा मी. शनिवारी सुट्टी टाकलीय. ती जिना चढून वर येईल तेव्हा मी इथं नसेन.

आणि मला काही विचारू नकोस, आफरीन. विचारलंस तर मी "काही नाय" म्हणेन, आणि माझं खोटं तुला लगेच कळतं.

तिच्यासमोर यायची हिंमत होईपर्यंत लांबच राहणारा,
संघपाल