कोंबडी घेतल्यावरून बंद झालेले तिकिटाचे खाते

प्रति,
मा. तपास अधिकारी,
ऑनलाइन आरक्षण गैरव्यवहार प्रतिबंध कक्ष,
रेल्वे विभागीय कार्यालय.

अर्जदार : अब्राहाम जेकब गावित, रा. सागपाडा, ता. नवापूर, जि. नंदुरबार.

विषय : मुलीला हृदयाच्या ऑपरेशनसाठी मुंबईला नेण्यापुरते तरी माझे बंद केलेले खाते उघडून मिळणेबाबत.

संदर्भ : १) खाते बंद केल्याचा आपल्या कक्षाचा मोबाइल संदेश. २) माझे यापूर्वीचे दोन अर्ज (उत्तर अप्राप्त).

महोदय,

मी खाली सही करणार अर्जदार सविनय कळवतो की, माझी मुलगी रिबेका, वय दहा वर्षे, हिच्या हृदयाला जन्मापासून छिद्र आहे. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात तिचे नाव गेल्या वर्षीपासून यादीत होते. चार दिवसांपूर्वी मी बाजारात असताना तिथून फोन आला की एक जागा मोकळी झाली आहे, २६ तारखेला सकाळी मुलीला घेऊन हजर राहा, नाही आलात तर पुढच्याला बोलावू. दवाखान्याची यादी हलली, साहेब. आता फक्त गाडीत एक झोपायची जागा पाहिजे. डॉक्टरांनी जनरल डब्यातली गर्दी आणि घाटातले एसटीचे हादरे, दोन्ही मना केले आहेत. दोन पावले जास्त चालली तरी तिचे ओठ निळे पडतात. आणि मुंबईपर्यंत भाड्याची गाडी करण्याची माझी ऐपत नाही.

जागा मिळवायची तर तिकीट ऑनलाइन काढावे लागते, आणि ज्या खात्यावरून मी ते काढले असते ते आपण बंद केले आहे. कारण दिले आहे : अनधिकृत दलाली.

याबाबत खुलासा असा. आमच्या पाड्यावर मोबाइलला रेंज येत नाही. चर्चच्या मागे टेकडीवर मोहाचे झाड आहे, तिथे उभे राहिले तरच ओटीपी येतो. मला थोडे लिहितावाचता येते, रविवारी चर्चमध्ये वाचनही मीच करतो, म्हणून पाड्यातला कोणीही सुरतेला मजुरीला निघाला की माझ्याकडे येतो आणि मी टेकडी चढतो. पूर्वी हीच माणसे स्टेशनच्या तिकीट खिडकीपुढे रात्रभर झोपत आणि पहाटे दलालाची माणसे त्यांना रांगेतून उठवत. मोबाइलवर तिकीट निघू लागले तेव्हा मला मनापासून वाटले, संपला हा त्रास. हे मी चर्चमध्ये उभे राहून सांगितले सुद्धा.

आपल्या कर्मचाऱ्यांनी मला बोलावून विचारले की एका खात्यावरून इतकी तिकिटे कशी. मी म्हणालो, नियमात नातेवाइकांचे तिकीट काढता येते. त्यांनी नात्याचा पुरावा मागितला. मी आमच्या म्हाताऱ्या मंगळीबाईंना सोबत घेऊन गेलो. कोण कोणाच्या आत्याचा नातू आणि कोणाची सून कोणाची मावसबहीण, हे त्यांनी सांगायला सुरुवात केली. दुपार झाली तरी त्या आमच्या अर्ध्या पाड्यापर्यंतच पोचल्या होत्या. कर्मचाऱ्यांनी पेन खाली ठेवला. सागपाड्यात माझा नातेवाईक नसलेला माणूस आपण शोधून दाखवावा, मी आजन्म तिकीट काढणार नाही.

मग त्यांनी विचारले, तिकिटाच्या बदल्यात काही घेता का. मी म्हणालो, घेतो. इथेच माझे चुकले, असे आता सगळे सांगतात. पण खोटे कसे बोलणार? पाड्यातल्या दिवलीबाईंनी कोंबडी आणली होती, कोणी उडीद आणतो, कोणी परसातला भोपळा. आमच्याकडे कोणी रिकाम्या हाताने दाराशी येत नाही, आणि आणलेले परत केले तर त्या घराशी संबंध तोडला असे धरतात. त्या कोंबडीचा रस्सा आम्ही दिवलीबाईंनाच बसवून वाढला होता, हेही मी सांगितले. ते लिहून घेतले नाही. ‘वस्तुरूपाने कमिशन घेतल्याचे कबूल’ एवढे लिहिले आणि मी त्याखाली सही केली, कारण कोंबडी घेतली हे खरेच होते. ज्या बाकावर बसून सही केली त्याच्या वर फलक होता : ‘ऑनलाइन तिकीट, भ्रष्टाचाराला आळा’.

माझी तक्रार ज्यांनी केली ते इंद्रसिंग हे बाजारपेठेतले तिकीट एजंट असून त्यांच्या दुकानावर ‘अधिकृत’ अशी पाटी आहे. त्यांच्याकडे किती खाती आहेत ते त्यांनाच ठाऊक. तत्काळची खिडकी उघडते आणि माझा ओटीपी टेकडी चढेपर्यंत त्यांची तिकिटे निघून विकली जातात. पूर्वी हे काम पहाटे रांगेत व्हायचे, आता पंख्याखाली बसून होते, एवढाच फरक मला दिसला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

माझा भाऊ दानियल याने नवे खाते उघडले, पण ते त्याच मोबाइलवर उघडल्याने संशयित ठरून बंद झाले. खिडकीवर दोन दिवस उभा राहिलो, माझा नंबर येण्याआधी जागा संपल्या. शेवटी अडला हरी म्हणतात तसा मी इंद्रसिंग यांच्याच दुकानात गेलो. म्हणीत पुढे काय येते ते अर्जात लिहिणे बरे नाही. ते म्हणाले, “दादा, तुन्हं खातं बंद शे, मन्हं चालू शे. मंग चोर कोन, तूच सांग. मन्हा गिऱ्हाइक तू फुकट पळवात, आते तुन्हा घरनं टिकिट मी काढनार नही.” साहेब, मी त्यांचे पाय धरले. रिबेका दुकानाच्या पायरीवर बसून हे पाहत होती. घरी येताना ती म्हणाली, बाबा, मला बरे वाटते आहे, नको जाऊ या. तिला बरे वाटत नाही, हे मला आणि तिच्या आईला, प्रिस्किलाला, माहीत आहे. मला फार भीती वाटते.

तरी विनंती की खाते एका तिकिटापुरते उघडावे. काढून झाल्यावर कायमचे बंद करावे, माझी हरकत नाही.

ते नियमात बसत नसेल तर दुसरी विनंती. मी दलाल असल्याचा पूर्ण कबुलीजबाब लिहून सोबत जोडला आहे. पाड्यातल्या प्रत्येक तिकिटावर मी कमाई केली, असे त्यात मान्य केले आहे. ते खरे नाही, पण सही माझी आहे आणि मी ती कुठेही नाकारणार नाही. आपल्या कक्षाला एक पकडलेला दलाल मिळेल. आपण मला आपल्या कोट्यातून रिबेकाची आणि तिच्या आईची जागा द्यावी. मला त्यात बसवू नये, मी शिक्षेसाठी इथेच हजर राहीन.

काम करून घेण्यासाठी साहेबांना काही देणे याला लाच म्हणतात, हे मला समजते. आजवर कोणाला दिली नव्हती. देण्यासारखे माझ्याकडे एवढेच आहे.

आपल्या उत्तरासाठी टेकडीवर थांबलेला,
(सही)
अब्राहाम जेकब गावित
सागपाडा, दि. २१ नोव्हेंबर २०२५

सोबत :
१) दवाखान्याचे पत्र.
२) रिबेकाच्या आधार कार्डाची प्रत.
३) दिवलीबाईंचा अंगठा, कोंबडी प्रेमाने दिल्याबद्दल.
४) माझा कबुलीजबाब, सही केलेला. आणखी काही गुन्हे घालायचे असल्यास खाली जागा मोकळी सोडली आहे.