अक्षर ओळखलंत, काम नाही

सर, परवा तुमच्या नावाच्या स्पर्धेचं बक्षीस वाटून आले. आर्किटेक्चरच्या पोरांची स्पर्धा, शहरातल्या एखाद्या पडीक जागेचं काय करता येईल ते काढायचं. हॉलभर शीट लावलेल्या, स्टेजवर तुमचा हार घातलेला फोटो, आणि त्यात तुम्ही कधी नव्हे ते हसताय. सूत्रसंचालकाने माईकवरून सांगितलं, "सर इतके निःपक्षपाती होते की स्वतःच्या विद्यार्थ्यांनाही त्यांनी कधी झुकतं माप दिलं नाही." टाळ्या पडल्या. प्रमुख पाहुणी म्हणून मलाही वाजवाव्या लागल्या.

वाजवताना डोक्यात तो चौक होता. संध्याकाळी गवळी म्हशी घेऊन उभे राहायचे, गिऱ्हाइकासमोर पेल्यात धार काढायचे आणि माणसं उभ्याउभ्या दूध प्यायची, तो आपला चौक. कॉलेजात असताना तुम्हीच आम्हाला तिथे नेलं होतं. "पेन्सिली खिशात ठेवा. आधी दूध प्या, मग म्हस कशी वळती ते बघा," म्हणालात. पुढे त्याच चौकासाठी खुली स्पर्धा निघाली तेव्हा मी नोकरी सांभाळून पावसाळाभर शीट काढत बसले. म्हशींना वळायला जागा, खूर घसरणार नाही अशी खडबडीत फरशी, शेण-पाणी वाहून जाईल असा उतार, दूध पिणाऱ्यांना टेकायला कट्टा. शीटवर नाव घालायचं नव्हतं, फक्त नंबर. परीक्षकांत तुम्ही आहात कळलं तेव्हा मी खूश झाले. नाव नसलं म्हणून काय, काम सरांना कळेलच. निकाल लागला आणि माझी शीट पहिल्याच फेरीत बाहेर. पहिला नंबर बाहेरगावच्या एका फर्मला, कारंजं आणि गुळगुळीत ग्रॅनाइट.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्या घरी येते. जयभीम करते. तुम्ही स्वयंपाकघरातच जेवायला बसलेले, काकू भाकरी थापतायत. मी तोंड उघडायच्या आतच तुम्ही म्हणता, "ओळखलं की तुझं अक्षर. मीच वळण लावलंय न्हवं? बघितल्या बघितल्या बाजूला काढलं."

"का सर?"

"का म्हंजे? आपल्यातलीला दिलं म्हनतील की. एवढी वर्षं कॉलेजात एकटा काढली, कुनाला बोट दाखवू दिलं न्हाय."

तुमच्या आवाजात अभिमान होता, सर. मलाही तो वाटावा अशी तुमची अपेक्षा होती. काकूंनी भाकरी तव्यावर टाकली आणि त्या म्हणाल्या, "ते ऱ्हाऊ दे. पोरीचं चांगलं हुतं का वाईट, तेवढं सांगा की."

तुम्ही ताट पुढे सरकवलंत आणि म्हणालात, "पिठलं वाढ."

कॉलेजात बौद्ध प्राध्यापक तुम्ही एकटेच. तुमची भीती मला कळत नव्हती असं नाही, तीच भीती पदरात बांधून मीही नोकरी केली. पण तुमच्या शेजारी बसलेले परीक्षक आपल्या भाच्या-पुतण्यांना खुशाल बक्षिसं देत होते आणि त्याला गुणवत्ता म्हणत होते. त्यांच्याकडे कुणी बोट दाखवलं नाही. तुमच्याकडे दाखवतील म्हणून तुम्ही आधीच माझा बळी देऊन मोकळे झालात. माझ्या एकटीचं नुकसान असतं तर गिळून टाकलं असतं. पण चौकही गेला. ग्रॅनाइटवर म्हशी घसरायला लागल्या, एक गाभण म्हैस फतकन पडली, तेव्हापासून गवळ्यांनी यायचं सोडलं. कारंजं पहिल्याच उन्हाळ्यात आटलं. आता तिथे दुचाकी लागतात आणि मधोमध फायबरची म्हैस उभी केली आहे. पर्यटक तिच्या गळ्यात हात टाकून फोटो काढतात. मी तिथून जाताना मान वळवते.

परवा घरातून निघताना ठरवलं होतं, आज माईकवर सगळं सांगून टाकायचं. उभी राहिले तर दुसऱ्या रांगेत आपल्या वस्तीतली दोन पोरं बसलेली. तुमच्या फोटोकडे अशी बघत होती की माझी जीभ उचलेना. "सरांनी आम्हाला शिस्त लावली," एवढं बोलून मी खाली बसले. सगळे म्हणाले, छान बोललात मॅडम. घरी येऊन मी पर्स आपटली.

काकूही गेल्या, त्यामुळे हे वाचून दाखवायलाही आता कुणी नाही. पुढे मला बरीच बक्षिसं मिळाली, मी स्वतः परीक्षक झाले, दुसऱ्यांच्या शीटसमोर उभी राहून चांगलं-वाईट फटाफट सांगते. माझ्या त्या एका शीटचं मात्र मला अजून ठरवता येत नाही. कधीकधी वाटतं ती चांगली होती. कधी वाटतं, खरंच वाईट असेल, आणि मला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही ते अक्षराचं सांगितलं असेल.