पिस्तुलाची पेटी आणि पुठ्ठ्याच्या भिंती

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी.

शस्त्रपूजन झालं. हॉलमध्ये पाट, त्यावर लाल कापड. अविचा लॅपटॉप, ड्रिल मशीन, माझं शिलाई मशीन, सुऱ्या, कात्र्या, विळी. दरवर्षी एवढंच असतं. यंदा अविने बेडरूमच्या कपाटातली पेटी उघडून पिस्तूलही आणून ठेवलं. "खरं शस्त्र घरात असताना स्क्रूड्रायव्हरची कसली पूजा करतेस, नीलू?" गोळ्या काढल्या होत्या, रिकामं आहे हे मला पुन्हा पुन्हा दाखवलं. हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. हात जोडताना मात्र डोळे विळीकडे. विळीने मला बऱ्याचदा कापलंय, तरी तिची भीती वाटत नाही.

नैवेद्य होईपर्यंत नवरोबांनी फोटो काढून इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकलासुद्धा. पिस्तूल, मागे उघडी पेटी, सगळं स्पष्ट. मला मैत्रिणीचा, शैलाचा फोन आला तेव्हा कळलं.

२ ऑक्टो. दसरा.

ग्रुपवर सकाळपासून अंगठे, टाळ्या, 'जय भवानी'. याच ग्रुपवर मागच्या महिन्यात गौरीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं मी टाकलं होतं, घराच्या पत्त्यासकट, गेटच्या कोडसकट. आमच्या चँडलर गावातले सगळे मराठी त्यात आहेत, सोडून गेलेले आहेत, ज्यांना कुणीच ओळखत नाही असेही असतील. म्हटलं, काढ तो फोटो. "अगं, आपलीच माणसं आहेत." संध्याकाळी काढला. म्हणजे वरातीमागून घोडं.

रात्री सोनं द्यायला मंडळी आली. आपटा इथे कुठला, कोपऱ्यावरच्या कांचनाची पानं. दोघातिघांना पिस्तूल बघायचं होतं. अवि त्यांना थेट कपाटापाशी घेऊन गेला, त्यांच्यादेखत कोड दाबला. एकाने पेटी एका हाताने उचलली. "काका, हा तर लंचबॉक्स आहे यार!" सगळे हसले. मीही हसले. नंतर भांडी आवरताना तेच वाक्य डोक्यात फिरत राहिलं.

५ ऑक्टो. रवि.

शैलाकडे चोरी. काल मंडळाचा दसऱ्याचा कार्यक्रम होता, आम्ही सगळे तिकडेच. चोरांनी तिच्या घराचं मागचं सरकतं दार उचकटलं. दागिने तिच्या अंगावरच होते म्हणून वाचले. पण कपाटातली छोटी तिजोरी अख्खीच्या अख्खी नेली, आत दोघांचे पासपोर्ट.

"फोडायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत गं. घरी नेऊन चहा पीत फोडली असेल." हसत होती, पण ते उचकटलेलं दार पुन्हा पुन्हा लावून बघत होती. मी तिथेच पोहे करून दोघांना खायला घातले.

आमची पेटी त्या तिजोरीहून लहान आहे.

शिवाय आमची अक्कल. पिस्तुलासाठी पेटी आणली, तर मजबूत आहे म्हणून माझ्या पाटल्या आणि आईची मोहनमाळही त्यातच. मग कुणाचं डोहाळजेवण आलं, काढा पाटल्या, उघडा पेटी. कोड काय, तर लेकीचा, मनूचा वाढदिवस. जादा किल्ली देव्हाऱ्यात, कुंकवाच्या करंड्याखाली. मराठी घरात शिरलेल्या चोराने आणखी कुठे हात घालायचा?

७ ऑक्टो.

भांडलो. कडाक्याचं.

मी म्हटलं, "सोनं गेलं तर आपण रडू आणि सावरू. हे गेलं तर दुसरंच कुणीतरी रडेल. कोण, ते आपल्याला कळणारही नाही." मग "विकून टाक," म्हटलं. अवि उठून नळ दुरुस्त करायला गेला. नळाला काही झालेलं नव्हतं.

तो का उठला, हे मला माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी गॅस स्टेशनवर एका माणसाने त्याच्या पोटाला चाकू लावून गाडी नेली. गाडी पोलिसांना सापडली, अविची झोप काही सापडली नाही. महिनोन् महिने खुर्चीत बसून दाराकडे बघायचा. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. मग त्याने हे आणलं, पेटी कपाटात ठेवली आणि झोपायला लागला. घोरतो. त्याच्या घोरण्यावर मी जन्मभर टीका केली. आता तो घोरला की बरं वाटतं, आणि ते कशाच्या जोरावर हे आठवलं की माझी झोप उडते.

पेटी चोरीला जाता कामा नये आणि अविची झोपही जाता कामा नये. दोन्ही कसं...

१२ ऑक्टो. रवि.

सोनं काल बँकेच्या लॉकरमध्ये गेलं, जादा किल्लीही तिथेच. कोड बदलला. नवा मलासुद्धा पाठ व्हायला वेळ लागला, म्हणजे बरा असावा.

आज पेटी जमिनीला बोल्टने जखडायची होती. अविने कार्पेटचा कोपरा उचलला, खडूने खुणा केल्या. मी गॅरेजमधून एक्स्टेंशन वायर आणायला गेले. चपलांचं रॅक सरकवलं तर खाली काँक्रीटवर शिक्का: या जमिनीत ताणलेल्या पोलादी केबल्स आहेत, कापू नका, भोकं पाडू नका. ओरडले. अवि ड्रिल हातात घेऊन आला, वाकून वाचलं, पुन्हा वाचलं. "केबल तुटली असती तर जमीन फोडून वर आली असती." कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात धुळीच्या कणाचा हिशेब ठेवणारा माणूस. घर घेतल्यापासून त्या शिक्क्यावर आम्ही चपला काढतोय.

ड्रिल खोक्यात. जेवायला बाहेर गेलो.

१९ ऑक्टो. रवि.

जमीन नाही तर भिंत. सकाळपासून टकटक, आतला लाकडी खांब कुठे आहे ते शोधणं. दुपारी कपाटाच्या कोपऱ्यात पेटीच्या पाठीतून लांब बोल्ट दोन खांबांत पक्के बसवले. "ओढ." मी भिंतीला पाय लावून जोर लावला. हलली नाही. तो लहान मुलासारखा खूश. मलाही हायसं वाटलं, खोटं कशाला लिहू. उद्या लक्ष्मीपूजन, करंज्या अजून तळायच्यात.

२२ ऑक्टो. पाडवा.

ओवाळताना अविने विचारलं, "आता झोप लागते ना तुला?" लागते म्हटलं. बऱ्यापैकी खरं होतं.

९ नोव्हें. रवि.

शैला फराळाचे डबे परत द्यायला आली. तिला कौतुकाने पेटी दाखवली. ती भिंतीवर बोटाने टकटक करत राहिली.

"नीलू, ही काय भिंत आहे? पुठ्ठा. चार घाव घातले की खांबासकट बाहेर काढतील."

"आवाज होईल की."

"ऐकायला कोण असणार? डिसेंबरात तुम्ही सांगलीला."

खरंच. पुतण्याचं लग्न, महिनाभर घर बंद. माझ्या तोंडचं पाणीच पळालं. माझ्या बाबांची तिजोरी दगडी भिंतीत चिणलेली होती, तिच्यासाठी आधी घर पाडावं लागलं असतं. इथलं घरच उन्हाळ्यात फुगतं, थंडीत कुरकुरतं. बोल्टमुळे चोराला वेळ लागेल. पण महिनाभर त्याच्याकडे वेळच वेळ.

अविला सांगितलं. म्हणाला, "मला तेव्हाच सुचलं होतं. तुला बरं वाटत होतं म्हणून बोललो नाही."

१६ नोव्हें.

मनूचा ॲन आर्बरहून फोन. तिकडे बर्फ पडलाय. सगळं ऐकून घेतलं.

"आई, जस्ट सेल इट."

"बाबाला सांग."

"नो वे. यू टेल हिम."

चाकूवाल्या प्रसंगानंतर ती सुट्टी काढून इथे राहिली होती, बाबाबरोबर दाराकडे बघत. तिलाही ठाऊक आहे. मग तिने मेथीच्या लाडवांची कृती विचारली.

३० नोव्हें. रवि.

महिनाभर पिस्तूल कुणाकडे ठेवायचं? शैलाच्या नवऱ्याला विचारायची हिंमत नाही, चोरी होऊन गेलेलं घर. बरोबर न्यायचा प्रश्नच नाही. शेवटी अविनेच शोधून काढलं, गावातलं एक बंदुकांचं दुकान बाहेर जाणाऱ्यांची हत्यारं सांभाळायला ठेवून घेतं. फोन त्यानेच केला. मी भाजी निवडत ऐकत होते, मान वर केली नाही.

३ डिसेंबर, बुध.

ठेवून आलो. दुकानातला म्हातारा फार सभ्य. नंबर टिपून घेतला, पिस्तूल आतल्या पोलादी खोलीत नेलं, अविला पावती दिली. तुमच्यासारखा विचार फार थोडे करतात म्हणाला. अवि त्या बंद दाराकडे बघत उभा होता. मी कोपराला हात लावला तेव्हा निघाला.

गाडी काढली. मग सिग्नलला म्हणाला, "आल्यावर परत आणायचं की तिथेच विकायचं, तू ठरव."

"मी का?"

"तुझं म्हणणं खरं होतं. पण मला ठरवता येणार नाही. तू म्हणशील ते."

दोन महिने मी हेच मागत होते. हो म्हणायला तोंड उघडलं आणि त्याचा खुर्चीतला चेहरा आठवला. आणि परत आण म्हणावं तर ते उचकटलेलं दार लावून बघणारी शैला. भांडणं किती सोपं होतं! आता जे होईल ते माझ्या नावावर. "बघू," म्हटलं.

४ डिसें. गुरु.

उद्या निघायचं. अवि काल रात्री झोपला, पण घोरला नाही. सकाळी कामावर गेला, शेवटचा दिवस. मी दिवसभर एकटी, बॅगा भरत. आहेराच्या साड्या, मनूने पाठवलेली चॉकलेटं.

दुपारी परसातलं फाटक वाजलं. वारा असेल. थोड्या वेळाने पुन्हा. खिडकीतून बघितलं, कुणी नव्हतं.

बेडरूममध्ये आले आणि दार आतून लावून घेतलं. या घरात दिवसाढवळ्या कधी लावलं नव्हतं. मग तिथेच, बंद दारामागे, अवि येईपर्यंत साड्यांच्या घड्या घातल्या.

आल्याबरोबर त्याने विचारलं, "ठरलं का काही?"

बॅगेचं वजन कर म्हटलं. दाराचं त्याला सांगितलं नाही.