नळकांडं

१४ तारीख, मंगळवार

चि. धाकटीस थोरलीचे खूप खूप आशीर्वाद.

काल सगळ्यात आधी कोण टपकलं असेल, सांग. वन्सं! चपला दारात निघायच्या आधी जीभ घरात. मागून एक मालिशवाला, काखेत तेलाची बाटली. आणि शेवटी वन्संचे यजमान, ते कशाला आले होते ते त्यांनाही माहीत नसावं. बाकी इकडे ठीक. माझे गुडघे बोलतात, पण मीही बोलते, त्यामुळे बरोबरी होते.

नातीचं तुला अर्धंच कळवलं होतं. तिच्या पाठीला बाक आलाय. बूट बांधायला वाकली तेव्हा मैत्रिणीला दिसला. डॉक्टरीणबाईंनी फोटो काढला, तर कणा नदीसारखा वळलेला. तेहतीस अंश म्हणाल्या. थोडा असता तर नुसतं लक्ष ठेवलं असतं. एवढा आहे आणि पोर अजून वाढतेय, म्हणून पट्टा. पन्नाशी गाठली तर ऑपरेशन, कण्याला सळया आणि स्क्रू. मी म्हटलं, माणसाचं उलटं, पन्नाशी गाठली की कोणी लक्षसुद्धा ठेवत नाही. बाई हसल्या.

तर पट्टा आला. पट्टा कसला, प्लॅस्टिकचं चिलखत, काखेपासून कमरेखालपर्यंत. दिवसातले अठरा तास. आधी पोरगी रडली. मग त्यावर स्टिकर चिकटवले. आता पोटावर टकटक करते आणि स्वतःलाच विचारते, "आत कोण आहे?"

वन्संनी ती टकटक ऐकली आणि कपाळाला हात लावला. "पोरीला डब्यात बंद केलंय. काढा ते. ह्या मालिशवाल्यांचा हात फिरला की महिन्यात सरळ." मालिशवाल्याने बाटली माझ्या मुलाच्या हातात दिली, आणि हा ती धरून बसला. बाप मऊ पडला की संपलंच. पोरगी काही ऐकेना, तशा वन्सं माझ्याकडे बघून म्हणाल्या, "कुत्र्याचं शेपूट नळकांड्यात घातलं तरी वाकडं ते वाकडंच. रक्तातच आहे तुमच्या."

कोणाबद्दल बोलल्या ते तुला कळलं असेल. मी चहाचा कप खाली ठेवला, नाहीतर सांडला असता. कोणावर ते लिहीत नाही.

पण माझ्याआधी पोरगीच बोलली. "आत्याआजी, नळकांडं सरळ करायला नाहीच मुळी. आणखी वाकू नये म्हणून आहे. आणि रक्तात असेल तर असू दे. धाकटी आजी माझीच आहे."

"अरे, तू तरी बोल," वन्सं माझ्या मुलाला म्हणाल्या. तो सुतार माणूस, शब्दसुद्धा मापून कापतो. म्हणाला, "आत्या, ओली फळी वाकायला लागली तर मी शिकंज्यात आवळून ठेवतो. तेल चोळत नाही. एकदा वाळली की मग कापाकापीच." आणि बाटली परत केली.

"ताठा बघा पोरीचा," वन्सं उठल्या.

मी म्हटलं, "वन्सं, त्यासाठीच तर चाललंय सगळं."

आता तुझं. तू म्हणशील, आपल्या वेळी कुठे होते हे फोटो न् पट्टे. नव्हते. आपल्याकडे एकच उपाय होता, पाहुणे आले की तुला आतल्या खोलीत बसवायचं. माझ्या लग्नातसुद्धा तू आतच. आई सांगत सुटली, धाकटीला ताप आहे. पुढे तुलाच तो ताप जडला. मी बोलावते, तू म्हणतेस पाय दुखतात. पायाचं राहू दे. जिना चढून फोन उचललास की तुझा दम मला इकडे ऐकू येतो गं.

मी डॉक्टरीणबाईंना तुझं विचारलं. न सांगता विचारलं, चिडायचं तर चीड. म्हणाल्या, या वयात सरळ होणार नाही, पण व्यायामाने दुखणं कमी होतं, आणि दम का लागतो ते तपासायलाच हवं. ऑपरेशन लागेलच असं नाही. घेऊन या.

शनिवारी ये. पोरगी तुझ्याशेजारी झोपणार आहे, अंधारात टकटक झाली तर घाबरू नकोस. माझ्या ओळी वाकड्या गेल्यात, चालवून घे. आपलं कोण काय वाकडं करणार आहे आता.

तुझ्या पाठीशी उभी असलेली,
थोरली

ता. क. वन्सं लवाजम्यासकट रविवारी परत येणार म्हणाल्यात. बाहेरच्या खोलीतली मधली खुर्ची तुझी.