अंगणातलं चंदन

आनेकल, १४ नोव्हेंबर १९६०

चि. रघुजीस अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या जंगलखात्याचे दोन शूर पुरुष काल घरी येऊन गेले. अंगणातल्या चंदनाला प्रदक्षिणा घालून त्यांनी खोडाची साल तासली आणि तिथे डांबराने नंबर घातला. तुळशीला हात लावला नाही, एवढी कृपा.

गावात चंदनाचं रोप दिसलं की लोक वीतभर असतानाच उपटून टाकतात, हे तुला ठाऊक आहे. पाखराने बी टाकावं, आपण पाणी घालावं आणि झाड वाढलं की ते सरकारचं! वर चोरीला गेलं तर जाब आपणच द्यायचा. आई गेली त्या वर्षी उगवलेलं हे एकच रोप अप्पांनी राखलं. शेजारच्या गोजराबाई हे झाड नडेल म्हणून अजून बजावतात, पण तू नोकरीला लागल्यापासून अप्पांचं एकच चालतं, की आता खातं घरचंच आहे. नंबर कशाला घातला ते खरं खरं लिही. अप्पांना झोप नाही.

लोभ आहेच.
तुझी भाग्यलक्ष्मी अक्का

बंगलोर, २१ नोव्हेंबर १९६०

ती. अक्कास रघुजीचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसू आलं. नंबर झाडाच्या रक्षणासाठीच असतो. तुमच्याकडचा उघडा डोंगर पुन्हा चंदनाने भरायचं खात्याने मनावर घेतलं आहे. हजारो रोपं लागतील, मंत्री येतील. अशा वेळी आपल्या झाडाला कोण हात लावील? मी इथे बसलोय ना! अप्पांना निश्चिंत राहायला सांग.

माया असू दे.
रघुजी

आनेकल, ९ फेब्रुवारी १९६१

चि. रघुजीस आशीर्वाद.

खातं झाड घेऊन गेलं. मुळांतही तेल असतं म्हणे, म्हणून खणून काढलं. अंगणात आता खड्डा आहे.

तुझी माणसं म्हणून अप्पांनी आधी त्यांना ताक दिलं. मग त्यांनी हुकूम दाखवला. खाली तुझी सही. देवासाठी उगाळायला बोटभर तुकडा मागितला, तर गार्ड म्हणाला की सरकारी माल आहे, काडी उचलली तरी गुन्हा होईल. भुसासुद्धा झाडून पोत्यात भरला! जंगल वाढवता येत नाही, पण झाडलोट काय सुरेख करतात. मला तुमच्या खात्याची किळस आली रघुजी, आणि थोडी तुझीही.

तुझी तब्येत कशी आहे, एवढंच अप्पांनी गार्डला विचारलं.

भाग्यलक्ष्मी

बंगलोर, २० जून १९६१

ती. अक्कास सा. न. वि. वि.

कागदांचा ढीग होता, मी न वाचता सही केली.

डोंगरावरची रोपं सगळी वाळली. चंदनाला दुसऱ्या झाडांच्या मुळांचा आधार लागतो, आणि साहेबांनी तर आधी सगळी झुडपं काढून रांगा आखल्या. आता वनमहोत्सव तोंडावर आला आणि तालुक्यात रोप मिळत नाही. लोक रोपं का वाढू देत नाहीत, असं साहेब मलाच विचारतात. आपल्या खड्ड्याच्या कडेने मुळांना पुष्कळ फुटवे आले आहेत, असं ऐकलं. अप्पांना सांगून तेवढे राखशील? जीप पाठवतो.

राग धरू नये.
रघुजी

आनेकल, २ जुलै १९६१

चि. रघुजीस आशीर्वाद.

तुझं पत्र अप्पांना वाचून दाखवलं. फुटवे आले होते, हे खरं. इतकी वर्षं ज्यांनी त्या झाडाला पाणी घातलं, ते काल खड्ड्याच्या कडेला उकिडवे बसले आणि एकेक फुटवा उपटत गेले. मला हात लावू दिला नाही. लोक रोपं का वाढू देत नाहीत, ते आता साहेबांना घरच्या अनुभवाने सांग. जीप पाठवू नकोस.

मला वाटलं रागाने करताहेत, म्हणून विचारलं. तर म्हणाले की हे वाढले की पुन्हा नंबर पडेल, आणि पुन्हा रघुजीला सही करावी लागेल. त्यांनी तुला कळवायला सांगितलंय की अंगणात आता खात्याचं काही उरलेलं नाही, तेव्हा बिनघोर जेवायला ये.

माझा लोभ किती उरलाय, ते तू आलास की बघू.
अक्का