बांगडीएवढा गोल

कुंभार पिंपळगाव,
दि. ९ डिसेंबर २००२

चि. कांचन हिला आजीचा पोटभर आशीर्वाद.

पेन तुझ्या आईचं, तोंड माझं. इकडं सगळं बरं आहे. कापूस वेचणं चालू आहे, म्हैस व्याली, आणि तुझ्या आईनं काल भाजीत दोनदा मीठ टाकलं. (हे ती लिहीत नव्हती, लिहायला लावलं.)

तू काढलेला आपल्या घराण्याचा कागद पोचला. पुरुष म्हंजे चौकोन, बाई म्हंजे गोल, ज्यानं आपला जीव आपण दिला तो काळा. मला जन्मात अक्षर आलं न्हाई, पण हे बराबर वाचता आलं. हैदराबादला एवढं शिकून शेवटी रांगोळीच काढून राह्यलीस म्हण की!

तू लिहिलंस, ही जीव द्यायची गोष्ट थोडीफार रक्तातून येते, पण येते म्हणून प्रत्येकात जागी होत न्हाई. मेंदूत काही जागं होतं, काही झोपतं. मला लई नवल वाटलं. जागं कोण करतं? आणि झोपवायला कोण येतं? तुमच्या मशिनीत दिसतं का ते?

तुझ्या आजोबांचा भाऊ पुंजाराम, तो तू काळा केलासच. गावाला ठाऊक आहे ते. पण सगळं तू आजोबांच्याच घराण्यावर ढकललंस. आम्ही बाया लग्न होऊन आलो ते रक्त माहेरी ठेवून आलो काय? माझा गोल अर्धा काळा कर. तुझा बाप रांगत होता तेव्हा मी विहिरीवर गेल्ते, घागर न घेता. तिथं शेजारची झुंबरबाई आली. "द्वारके, घागर कुठंय गं तुझी?" म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता सुनेच्या कागाळ्या सुरू. दिवे लागले तरी संपेनात. मंग हाताला धरून घरी घेऊन आली. पुढं कितीतरी दिवस रोज दारात हाक. तिच्या बडबडीनं माझ्या डोक्यातलं काय झोपवलं, ते जरा शोध.

तुझ्या बापाच्या चौकोनाशेजारी तू 'साप चावला' लिहिलंस. आम्हीच तसं सांगितल्तं.

तुझ्या आईचं पेन थांबलंय. लिही, उषा. पोरगी मोठी झाली.

साप नव्हता, कांचन. माझ्या बद्रीचा चौकोन काळा कर. मनात काय चाललंय ते त्यानं कुणाला कळू दिलं न्हाई. त्याला कुणी झुंबरबाई भेटली न्हाई.

आता मी विचारते. बद्रीच्या खाली तुझ्या भावाचा चौकोन आहे, तुझा गोल न्हाई. विसरले म्हणू नको. दिवाळीला आली न्हाईस, फोनवर 'अभ्यास आहे' एवढंच. हा कागद कॉलेजसाठी काढलास की स्वतःसाठी? भिऊ नको. मी अर्धी काळी, तरी म्हातारी होऊन सुनेला छळून राह्यले.

तुझा गोल मीच काढला. कागदावर बांगडी ठेवली, पेन फिरवलं. पहिल्यांदाच धरलं, म्हणून मोठा झाला. भावाच्या चौकोनावर चढला, लहानपणी तू चढायचीस तसा. आतून कोरा ठेवलाय.

मी आणि तुझी आई शनिवारच्या गाडीनं निघून राह्यलो. माझ्याकडं सुनेच्या कागाळ्या लई साठल्यात. तुला सगळ्या ऐकाव्या लागतील. मंग तू बोल.

हाक मारली की दार उघडशील ना?

दारातच उभी असलेली,
तुझी आजी द्वारकाबाई